कोंडीबाची घोंगडी आणि चार रेझिस्टर

साताऱ्याच्या मेढा रोडवर माझं डेंटिंगचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून कोंडीबाचं ऑटो-इलेक्ट्रिकचं. मी दिवसभर हातोडा आपटतो, तो दिवसभर वायरींशी कुजबुजत बसतो. कुणाचं कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही. पण कोंडीबाचा विषय निघाला की माझी जीभ नरम पडते, त्याला माझा इलाज नाही.

कोंडीबा जतकडचा धनगर. मिसरूड फुटेपर्यंत बापाबरोबर मेंढरांमागं फिरला. एकदा त्यांच्या तळाशेजारी बंद पडलेल्या ट्रकचे दिवे त्यानं ड्रायव्हरच्या सांगण्यावरून दोन वायरी जोडून पेटवले आणि तिथून मेंढरं सुटली. घोंगडी मात्र सुटली नाही. मीटर घोंगडीत, हत्यारं घोंगडीत, भर मे महिन्यात स्वतःही घोंगडीत. "एक दिवस गिऱ्हाइकालाबी गुंडाळून देशील," असं मी त्याला चिडवतो. तो म्हणतो, "आवं, थंडी अडवती तशी घोंगडी ऊनबी अडवती."

परवा माधवनगरची पूजा तिच्या वडिलांची जुनी गाडी घेऊन आली. रविवारी घाटात शर्यत होती. जास्त वेगासाठी तिनं इंजिनाला मोठे इंजेक्टर आणले होते. इंजेक्टर म्हणजे पेट्रोल फवारणारी पिचकारी. ती कधी उघडायची हे गाडीचा मेंदू, म्हणजे ईसीएमची पेटी, ठरवते. कोंडीबानं नव्या इंजेक्टरला मीटर लावला आणि मान हलवली.

"पोरी, ह्यो लय करंट वढतोय. थेट जोडला की मेंदू जळल."

तो मेंदू आता कुठं बनत नाही. सांगलीपासून पुण्यापर्यंतचं भंगार पूजानं पालथं घातलं होतं. तो जळाला तर गाडी भंगारात गेली, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. पूजा माझ्या स्टुलावर बसून राहिली.

"मग मामा, आता?"

"मेंढरं वाघरीत घालताना तोंडाशी मानूस उभा करत्यात," कोंडीबा म्हणाला. वाघरी म्हणजे त्यांचं जाळ्याचं कुंपण. "त्यो नसला की कळप एकदम घुसतोय आन् कोकरं चेंगरत्यात. आपुन परत्येक इंजेक्टरच्या वाटंवर असा एक मानूस उभा करू."

तो माणूस म्हणजे रेझिस्टर. बोटभर लांबीचे, सोनेरी, पन्हाळी अंगाचे चार रेझिस्टर त्यानं चार वायरींमध्ये बसवले. जोडावर सोल्डरचा डाग इतका गोल आणि चकचकीत देत होता की मी हातातलं काम टाकून बघत बसलो. मी सहसा दुसऱ्याचं काम बघत नाही.

मग त्यानं घोळ घातला. इंजिनाची धग लागू नये म्हणून घोंगडीची पट्टी फाडून चौघांनाही नीट गुंडाळलं. मलाही ते बरोबर वाटलं. गाडी पहिल्या चावीला चालू झाली आणि तिचा आवाज ऐकून पूजा हसली.

आम्ही तिघं केळघरच्या घाटाला लागलो. पूजा चालवत होती, खिडक्या उघड्या होत्या, गाडी वळणामागून वळण घेत चढत होती. अशी चढणारी जुनी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात कोंडीबानं नाक वर केलं.

"गाडी थांबीव."

"का मामा? मला तर काही—"

"बंद कर आदी."

बोनेट उघडलं. घोंगडीची पट्टी काळीठिक्कर पडली होती, पण ज्वाळ नव्हती. वायरींचं कवच मेणासारखं मऊ झालं होतं. आणखी थोडं गेलो असतो तर वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या आणि करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट मेंदूवर गेला असता. पूजा दोन्ही हात मडगार्डवर टेकून उभी राहिली.

"तुला वास आला कसा रं?" मी विचारलं. माझ्या नाकाला अजूनही पेट्रोलशिवाय काही लागत नव्हतं.

"शेकोटीची ठिनगी घोंगडीवर पडली की झोपंतबी कळतंया. न्हाई कळलं तर मानूस जळतोय." मग तो त्या पट्टीकडं बघत राहिला. "चुकलं माजं. भायेरचं ऊन अडवायला गेलो. तोंडाशी हुबा ऱ्हानारा सोताच तापतोय, त्यालाच पांघरून घातलं."

फोमची पट्टी असती तर भडका उडाला असता. लोकरीनं घात केला आणि लोकरीनंच ओरडून सांगितलं. मी देवदेव करणारा माणूस नाही, पण त्या घाटात मी त्या जळक्या पट्टीला हात जोडले.

वायरी गार झाल्यावर त्यानं त्या टेपनं बांधून वेगळ्या केल्या आणि आम्ही गाडी ओढून खाली आणली. दुकानात त्यानं वायरी बदलल्या. चारही रेझिस्टर ॲल्युमिनियमच्या उघड्या पत्र्यावर आवळले आणि पत्रा पुढच्या जाळीमागं वाऱ्यात बसवला. या वेळी पूजाला त्यानं एकटीला घाटात पाठवलं. ती परत येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडं बघत उभे होतो आणि मी एकही टोमणा मारला नाही.

गाडी आली. पूजा उतरली. कोंडीबानं बोनेट उघडलं, मीटरला हातही लावला नाही, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मी त्याच्या नाकाकडं बघत होतो.

"नुसता पेट्रोलचा वास हाय," तो म्हणाला. "जा पोरी, पळीव आयतवारी."