शिवेवर बंद पडलेली फटफटी

काठी आडवी धरून एक गडी म्हणाला, "डाक्तरसायेब, ढकलू नका. हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

मी थांबलो. त्याच्यामागं बांधावर आणखी सात-आठ जण उभे होते आणि रिकाम्या हातानं कुणीच आलेलं नव्हतं. माझी फटफटी नुकतीच बंद पडली होती. गाव समोर दिसत होतं, शीव ओलांडली की झालं, म्हणून मी हँडल धरून ती ढकलत निघालो होतो. मागच्या कॅरिअरवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली सीरमची पेटी होती आणि ऊन वैशाखाचं होतं.

लढाईचे दिवस. मी भोरला गुरांचा डॉक्टर होतो. विंझरच्या पुढं, डोंगराकडच्या एका वाडीत गुरं पटापट मरू लागल्याची खबर आली. वाडीचं आणि या गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला ओळखतात. साहेबांचा हुकूम असा, की आधी वाडीत जाऊन रोग पक्का करा, मग खालच्या गावातली धडधाकट गुरं टोचा. वाडीत पाहिलं तर बुळकांडीच. डोळे गळतायत, तोंडात फोड, हगवण. आठवड्याच्या आत जनावर आडवं. लागलेल्या जनावराला आमच्याकडं औषध नव्हतं. पण या रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तातलं पाणी निरोगी जनावराला टोचलं, तर काही दिवस त्याला रोग शिवत नाही. त्या पाण्याला सीरम म्हणतात. ते तापू द्यायचं नसतं.

वाडीची गुरं आणि या गावाची गुरं एकाच ओढ्यावर पाणी पीत. आज टोचली तर वाचण्यासारखी होती. उद्याचं मी सांगू शकत नव्हतो. पेरणी तोंडावर आलेली, आणि बैल गेले तर औताला जुंपायचं कुणाला, हा प्रश्न त्या काठीवाल्यांना माझ्याइतकाच कळत होता.

आता गाडी बंद का पडली ते सांगतो, म्हणजे माझी हुशारी कळेल.

गाडी विलायती, सेकंडहँड. सर्व्हिसिंगला पुण्याच्या कॅम्पातल्या एजन्सीत न्यावी लागे. सर्व्हिसिंग म्हणजे इंजिन उघडून आतली काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह घासून नीट बसवायचे आणि मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा, साफ करायचा. लढाईमुळं सुटे भाग मिळेनात, तसे एजन्सीचे दर चढत गेले. त्या खेपेला त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या निम्म्या पगाराच्या वर होता. मी साहेबांकडं गेलो.

"गाडी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"मग खर्च कुणाचा?"

साहेबांची गणितं अशी पटकन सुटायची. मी घरी आलो, ओसरीवर गोणपाट अंथरलं आणि स्वतःच इंजिन उघडलं. काजळी खरवडायला आमच्या हिचं उलथनं अगदी बेतून केल्यासारखं निघालं. ते घरात सगळ्यांना दुसऱ्या दिवशी पोहे खाताना कळलं. व्हॉल्व्ह जमले. गाडी सुरू झाली. इथं मी थांबायला हवं होतं. पण उत्साह शिल्लक होता आणि शिवणाच्या मशीनचं तेलही शिल्लक होतं. मॅग्नेटोचं झाकण काढून मी ते आत मनापासून सोडलं. ही दारातून म्हणाली, भज्यांना लागत नाही एवढं तेल त्या गाडीला पाजताय. मी तिला समजावलं की यंत्राला तेल कधी जास्त होत नाही.

होतं.

तर शिवेवर. मी म्हटलं, गाडी बिघडलीय, गावात नेऊन नीट करतो. तेव्हा त्यांच्यातले सगळ्यांत थोरले पुढं आले. त्यांना सगळे नाना म्हणत होते.

"वाडीवाल्यांनी परवा गाडा काढला," नाना म्हणाले, "तुमास्नी ठावं हाय ना?"

गाडा म्हणजे मरीआईचा. गावात रोग शिरला की देवीला लाकडी गाड्यावर बसवायचं, हळदकुंकू वाहायचं, कडुलिंबाचे डहाळे खोवायचे आणि गाडा माणसांनी हातानं ढकलत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. रोग गाड्याबरोबर जातो. जातो म्हणजे पुढच्या गावाच्या शिवेवर येतो. म्हणून पुढचं गाव काठ्या घेऊन राखण बसतं. परवापासून ही मंडळी तीच राखण करत होती.

मग मी माझ्या गाडीकडं पाहिलं. वाडीतल्या एका म्हातारीनं निघताना पुढच्या दिव्याला हळदकुंकू लावलं होतं आणि हँडलात कडुलिंबाचा डहाळा खोवला होता. तिच्या गोठ्यात बैल मरून पडलेला. तिला नको कसं म्हणायचं? अशी ती नटलेली गाडी वाडीच्या वाटेनं, हातानं ढकलत, मी बरोबर शिवेवर आणली होती.

मी घाईनं डहाळा काढायला हात घातला. तेवढ्यात एक दगड येऊन चाकाशी पडला. नेम चुकला होता की धरला होता, मला कळेना. नानांनी मागं वळून कुणाला तरी दटावलं. मी म्हटलं, गाडी इथंच ठेवतो, पेटी तेवढी घेऊन चालत येतो.

"गाड्यावरचं सामान कुनी घरात घेतं व्हय?"

"मग गुरं इकडं आणा."

"गाड्याजवळ?" नानांनी विचारलं.

आणि त्यांचं चुकत काय होतं? हा रोग शेणातून, चाऱ्यातून, चाकांना आणि बुटांना चिकटून येतो, असंच आमच्या पुस्तकात आहे. वाडीतून निघताना मी बूट आणि चाकं फिनेलनं धुतली होती, पण ते यांनी पाहिलेलं नव्हतं. मी पिशवीतली बाटली काढून सगळं पुन्हा धुतलं, त्यांच्यादेखत. हातही धुतले.

नानांनी वाकून दोन्ही चाकं बघितली. मग म्हणाले, "फटफटी तिच्या जिवावर चालत आली तर तिला गाडा म्हनता येत न्हाई. येऊ द्या आत. पन ढकलून न्हाई."

मी खाली बसलो. पेट्रोल येत होतं. म्हणजे ठिणगी नव्हती. प्लग काढून इंजिनवर टेकवला, उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून कोट डोक्यावर घेतला आणि किक हातानं दाबत प्लगकडं डोळे लावले. बाहेरून ते काय दिसत असेल ते मला नंतर सुचलं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सायेब अंगात आनतोय का काय?"

ठिणगी नव्हतीच. मॅग्नेटोचं झाकण काढलं आणि माझं तेल मला भेटलं. आत टिकल्यांएवढी दोन टोकं असतात. ती उघडमीट करतात तेव्हा ठिणगी पडते. त्यांच्यामध्ये तेल गेलं की संपलं. गाडी तापल्यावर तेल पातळ होऊन तिथंच जाऊन बसलं होतं. हातरुमाल ग्रीसनं माखलेला, म्हणून सदऱ्याचं टोक फाडलं, पेट्रोलमध्ये भिजवलं आणि ती टोकं पुसली. पुन्हा पुसली. सुकू दिली. तोवर पेटीवरचं गोणपाट कोरडं पडत आलं होतं. मी प्लग बसवला आणि किक मारली. काही नाही. बांधावरचे लोक खाली उतरून जवळ आले. पुन्हा मारली. तिसऱ्या किकेला गाडी खोकली आणि धडधडू लागली.

मी बसणार एवढ्यात नाना हँडलाशी आले. इंजिनाच्या आवाजात त्यांना ओरडावं लागलं.

"आत जाऊन बंद पडली तर? भाईर ढकलावी लागंल. म्हंजे गाडा आमच्या गावातनं निगाल्यागत व्हईल."

मी म्हटलं, बंद करणार नाही. हे मी कुणाच्या भरवशावर बोललो, मला माहीत नाही.

चावडीपुढं स्टँडवर गाडी धडधडत ठेवून मी टोचायला सुरुवात केली. बैल त्या आवाजानं कासरे तोडू बघत होते. माझा एक डोळा सुईकडं आणि एक कान इंजिनकडं. उभ्या गाडीला वारा लागत नाही, आणि हे इंजिन वाऱ्यावरच थंड होतं. थोड्या वेळानं त्याचा धुराचा नळ निळा पडू लागला. मी सांगितलं तशा दोघी बायका सुपं घेऊन आल्या आणि जात्यावर बसल्यासारख्या शांतपणे इंजिनला वारा घालत बसल्या. टाकीत पेट्रोल कुपनावरचं, मोजकं. दर दोन-तीन जनावरांमागं मी टाकीत काडी घालून बघत होतो. आवाज जरा हलला की सगळी चावडी माझ्याकडं बघायची. आयुष्यात इतक्या भीतभीत मी कुणालाच टोचलेलं नाही, बैलांना तर नाहीच.

शेवटचं वासरू टोचलं, पेटी बांधली आणि खालच्या वाटेनं निघालो. नाना आणि काही जण मागून जवळजवळ धावत होते. इंजिन ठोके चुकवू लागलं. शिवेचा धोंडा मागं गेला आणि चारदोन हातांवर तापून गाडीनं जीव सोडला. मी तिथंच मातीत बसलो.

नाना धोंड्याच्या पलीकडं उभे राहिले. धाप जिरल्यावर म्हणाले, "आता ढकला की. आता आमची काय हरकत न्हाई."

मी ढकलली नाही. बाभळीच्या सावलीला बसून इंजिन निवायची वाट पाहिली. पुढंही एक गाव होतं आणि त्यालाही शीव होती.

नानांच्या गावात एक म्हैस गेली. बाकीची गुरं राहिली आणि पेरणी वेळेवर झाली. पुढच्या पगाराला मी गाडी कॅम्पात नेली, मॅग्नेटो त्यांच्याकडून साफ करून घेतला आणि मागितले तेवढे पैसे निमूट मोजले. काजळी अजून घरीच खरवडतो. त्यासाठी वेगळं उलथनं आणलं आहे. घरच्या सर्व्हिसिंगला खर्च किती कमी येतो, असं लोक मला विचारतात. पुष्कळ कमी येतो. फक्त उरलेला कुठं भरावा लागेल, ते आधी कळत नाही.