चंद्रभाननं कापलेल्या जागा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण सांगायचंच त्यांच्याबद्दल म्हणल्यावर किती येळ 'हे' आन् 'ते' करू? चंद्रभान. घ्या, घेतलं नाव!

गंगाखेडच्या बसस्टँडासमोर आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं गाणी सांगायची, ह्यांनी ती कोऱ्या कॅसेटीत भरायची. बाकीचे दुकानदार बटण दाबून चहाला जायचे, मग बाजू संपली की गाणं मधीच तुटायचं. ह्यांचं तसं न्हाई. आधी कागद. कोणतं गाणं किती मिनिटं किती सेकंद, कोणाच्या मागं कोणतं, तीस मिनिटांच्या एका बाजूत काय बसतंय, हे सगळं मांडायचं आन् मगच मशीनला हात लावायचा. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायला मी. भाजी करपली तर चालंल, पण सेकंद चुकला की माणूस दिवसभर तोंड फुगवून बसायचं.

त्यांचा खरा राग खाली, म्हंजी रिकाम्या, जागेवर. दोन गाण्यांच्या मधी नुसती खरखर ऐकू आली की म्हणायचे, "सुमन, ही फुकट गेलेली टेप हाय." ती खरखर काढून टाकल्याबिगर त्यांना घास गोड लागत नव्हता.

दगडाबाई पोखर्णीच्या. आसपासच्या गावांत कुठंबी हळद असली की गाणं म्हणायला त्यांनाच बोलावणं जायचं. एक दिवस त्या दुकानात आल्या, गळ्याभोवती फडकं गुंडाळलेलं.

"चंद्रभान, गळ्यात गाठ झालीय. डॉक्टर म्हणतो, आपरेशन केल्यावर आवाज राहतो का न्हाई सांगता येत न्हाई. आन् नातीचं लगीन धरलंय चैतात. तिच्या हळदीला माझंच गाणं पाहिजे, बाबा. तेवढं भरून ठेव."

हे मशीन घेऊन पोखर्णीला गेले. दगडाबाई घरात एकट्याच बसून गायल्या आन् दोन कॅसेटी भरल्या. पंधरा दिवसांनी आपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. बोलायला गेल्या की तोंडातून नुसता वारा यायचा.

त्याच सुमाराला विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद झाला. तीन दिवस दुकान उघडता येईना, म्हणून हे दोन मशीनं घेऊन घरीच बसले. दगडाबाईचं गाणं लावलं तर म्हातारी एक ओळ म्हणायची आन् गप. परत एक ओळ, परत गप.

"दम लागत असंल बिचारीला," हे म्हणले. "लगनात लोकं हसतील. हळदीच्या गडबडीत दुसरी कॅसेट घालत कोण बसणार? एकीतच बसवतो."

तीन दिवस ह्यांनी एकेक खाली जागा कापली. ओळ संपली की बटण, दुसरी लागली की बटण. घड्याळ धरून मी बसले होते. सगळं एका कॅसेटीत बसलं, वर वीस सेकंद उरले. मी खुशीत टाळी वाजवली. मूळच्या दोन कॅसेटी ह्यांनी नेहमीसारखी भजनं भरून गिऱ्हाइकाला देऊन टाकल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी आमी दोघं पोखर्णीला गेलो. मांडवात मशीन ठेवलं, नवरी पाटावर बसली. दगडाबाईचा आवाज लागला तशा चार बायांनी डोळ्याला पदर लावला.

"पयली हळद गं, मामीच्या हाताची..."

बायांनी ओळ झेलायला तोंड उघडलं, तवर कॅसेटीतून दुसरी आली, "दुसरी हळद गं, मावशीच्या हाताची..." मामी उठून उभी राहिली न्हाई, तर मावशीचं नाव. मावशीनं वाटी धरली न्हाई, तर काकी.

तवा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं हळदीला एकजण ओळ म्हणती, बाकीच्या ती झेलतात, आन् झेलणं चाललंय तवर जिचं नाव आलं तिनं उठून हळद लावायची. म्हातारी दमत नव्हती. रिकाम्या घरात बसून बायांची वाट बघत होती. आन् मी, जन्मभर ओळी झेललेली बाई, घड्याळाकडं बघत होते. लाज वाटली मला, लय लाज वाटली.

नवरीची आई सरजाबाई वैतागली. "बंद करा ते! आपलं आपण म्हणू."

दगडाबाई मांडवाच्या मेढीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

हे उठले, मशीनपाशी उकिडवे बसले आन् म्हणले, "ताई, एकडाव परत लावू द्या." कॅसेट मागं नेली. मामीची ओळ झाली की थांबायचं बटण दाबून धरलं. ते बटण अडकून राहत नव्हतं, बोट उचललं की गाणं पुढं चालू. बायांनी ओळ झेलली. पण किती येळ थांबायचं हे गडीमाणसाला काय ठाऊक? कधी घाईनं सोडायचे, कधी उगंच धरून बसायचे. बाया हसायल्या.

दगडाबाई उठल्या. ह्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात बाजूला केला आन् आपलं बोट बटणावर ठेवलं. बायांकडं बघून मान हलवली की बाया झेलायच्या. हळद लागली की बोट उचलायच्या. मावशी झाली, काकी झाली, आत्या झाली. मांडव भरून गाणं चाललं.

मग कॅसेटीतून आलं, "पाचवी हळद गं, आजीच्या हाताची..."

दगडाबाईंनी बटण दाबलं. बाया ओळ म्हणाल्या, पण आजी उठणार कशी? बोट तर बटणावर. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांचा हात धरून बटणावर ठेवला आन् नातीकडं गेल्या. सावकाश हळद लावली. गालाला, हाताला, पायाला. नात रडायली तर तिचे डोळे पुसले, परत लावली. बायांनी तीच ओळ सात-आठ डाव म्हणली.

ह्यांचा अंगठा पांढरा पडला होता. मी घड्याळाकडं बघितलं न्हाई. दगडाबाई परत येऊन बसल्या, मान हलवली, तवा कुठं ह्यांनी बटण सोडलं.