तो थांबला पाहिजे

पनवेलला कॉलेजात होतो तेव्हा दुपारनंतर मी एस.टी. स्टँडजवळच्या एका रिपेरिंगच्या दुकानात बसायचो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, म्हणून मालक मला 'प्रोफेसर' म्हणायचे. व्हिडिओ गेमचे रिमोट दुरुस्त करायचं काम माझ्याकडे होतं. त्यांना कंट्रोलर म्हणतात हे मला माहीत होतं, पण दुकानात तसं कोणी म्हणत नसे.

मालकांची एक पद्धत होती. शेवटचा स्क्रू आवळला की रिमोट डोळे मिटून धरायचा. "हातात काही आहे असं जाणवलं, तर परत खोल," ते म्हणायचे. असे पुष्कळ रिमोट धरल्यावर मला कळू लागलं की प्रत्येकाला त्याच्या माणसाच्या हाताचा आकार येतो. एखाद्याचा अंगठा कडेला घासतो, एखादा तळवा घट्ट आवळतो. अनोळखी माणसाशी हात मिळवल्यासारखं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

एके दिवशी खाडीकडच्या गावातली एक कोळीण बाई मोठ्या मुलाला घेऊन आली. ती पायरीखालीच थांबली.

"आमाला सुतक हाय. आत येत नाय." रिमोटही तिने हातात दिला नाही, पायरीवर ठेवला.

मुलाने सांगितलं, त्याचा धाकटा भाऊ पळस्प्याला बाइकवरून पडून गेला. उद्या त्याचं दहावं.

"रिमोटला काय झालंय?" मी विचारलं.

"टीवीतला मानूस चालतोय," बाई म्हणाली. "कोनी हात लावला नाय तरी. पोर गेम चालू ठेवून भायेर गेला, तवापासून चालतोय. भिंतीला लागलाय, तरी पाय थांबत नाय."

"मग बंद करायचा ना टीव्ही."

"केला होता," मुलगा म्हणाला. "आयनं परत लावायला लावला. म्हणते, आपणच त्याला घालवल्यासारखं होतं."

बाई माझ्याकडेच बघत होती. "तू थांबव त्याला. चालत रायला तर उद्या कावला कसा शिवंल? दमला असंल रं तो."

रिमोटवरची अंगठ्याने फिरवायची काडी झिजली की तिचा मध्य सरकतो, मग गेमच्या मशीनला वाटतं कोणीतरी ती ढकलतंय, असं मी समजावू लागलो. मालकांनी मागून माझ्या खांद्याला बोट लावलं. "प्रोफेसर, लेक्चर नंतर. आधी काम."

मी रिमोट खोलला. आत मिठासारखी पांढरी पूड आणि माशाचं एक खवलं. काडीखालची डबी काढून दुसरी सोल्डर केली, कव्हर लावलं आणि डोळे मिटले.

डाव्या बाजूला तळव्याचा खोलगट भाग होता. माझा तळवा तिथे अलगद बसला. खाली करंगळीला टेकायची जागाही गुळगुळीत झाली होती. इतका आरामशीर रिमोट मी कधी धरला नव्हता. हातात काही जाणवेना. मग हातही जाणवेनात. अंगठा मात्र हळूहळू डावीकडे जात होता आणि तो मी नेत नव्हतो, असं मला अजूनही वाटतं. मी डोळे उघडले. अंगठा काडीवर स्थिर होता. रिमोट थोडा गरम होता. सोल्डरिंगमुळे असेल.

मुलाने गेमचं नाव सांगितलं; दुकानातल्या मशीनवरही तो होता. मी टीव्ही पायरीकडे वळवला, रिमोट जोडला आणि स्टुलावर ठेवून हात काढले. पडद्यावरचा माणूस रस्त्यात उभा राहिला. कुठेच गेला नाही.

बाई पायरीखालूनच पुढे वाकली.

"थांबला," मुलगा म्हणाला. "आय, बघ."

"शास घेतोय," ती म्हणाली.

खरंच, त्याची छाती वरखाली होत होती. उभ्या माणसाला गेममध्ये तसंच दाखवतात, हे मला ठाऊक होतं. तोवर ते माझ्या कधी नजरेत भरलं नव्हतं. टीव्ही बंद करायला मी हात पुढे केला, पण माझ्याने बटण दाबवेना. शेवटी मालकांनी दाबलं. मी रिमोट परत पायरीवर ठेवला. बाईने तो पदरात गुंडाळून घेतला.

पुढच्या महिन्यात तो मुलगा स्टँडवर भेटला. विचारावं की नको असं झालं, तरी विचारलं, "कावळा शिवला?"

"लगेच. पान ठेवलं न ठेवलं तोच."

मला बरं वाटलं. "मग रिमोट ठेवून दिला असेल."

"नाय रे." त्याने इकडेतिकडे बघितलं. "आय रोज बाजारातून आली की लावते. चालवते त्याला. बटणं येत नायत तिला, नुसतं चालवते. आमी घेऊ म्हटलं तर देत नाय."

"तिला जमतं धरायला?"

"तेच तर," तो म्हणाला. "तिला कोणीच दाखवलं नाय. पहिल्या दिवशी घेतला तेव्हाच हात बरोबर त्याच्यासारखे बसले."

त्याची गाडी लागली आणि तो गेला. मी दुकानात आलो, खोक्यातला एक रिमोट घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून तो तपासला.