तिला कोणी धरलं होतं?

माझी धाकटी जाऊ बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. तिचं लग्नसुद्धा त्या खिडकीतूनच जमलं. माझा धाकटा दीर वायरमन. स्थानकाच्या दुरुस्तीचं काम चालू होतं तेव्हा हा पठ्ठ्या रोज खिडकीशी जाऊन एकाच गाडीची वेळ विचारायचा. त्या गावाला त्याचं कुत्रंही ओळखीचं नव्हतं. ही कपाळाला आठी न घालता रोज वेळ सांगायची. शेवटी एकदा म्हणाली, "आज एकतर त्या गाडीत बसा, नाहीतर संध्याकाळी घरी येऊन माझ्या बाबांना विचारा." दीर घरी आला तो कान लाल करून.

मी शिवणकाम करते. कापड आणायला त्याच रस्त्याने जाते, तेव्हा तिला काम करताना पुष्कळदा पाहिलंय. "माहीत नाही" हे शब्द तिच्या तोंडात नव्हतेच. "थांबा, बघून सांगते," म्हणायची आणि खरोखर बघून सांगायची. आगाराला फोन लावायची, नाही लागला तर उठून ड्रायव्हरला गाठायची. गाडी चुकलेल्या माणसाला दुसरी गाडी सांगायची, कुठे उतरायचं ते सांगायची, आणि तो गोंधळला तर पुन्हा सांगायची. विचारणाऱ्याने सरळ विचारलं की सांगणाऱ्याने सरळ सांगावं, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. सगळं जग असंच चालतं असं तिला मनापासून वाटायचं. इथेच ती फसली.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. मुलगी झाली. अगदी ठणठणीत. मी स्वतः तिला मांडीवर घेतलंय. डोकंभर जावळ, आणि माझं बोट धरलं ते सोडायलाच तयार नाही. दूध तर अशी प्यायची की धाकटी हसायला लागायची. मग डॉक्टर म्हणाले, थोडी पिवळी दिसतेय, निळ्या दिव्याखाली ठेवू, काळजीचं काही नाही. बाळांच्या खोलीत आयांना जाऊ देत नाहीत. दाराबाहेर बाक आहे, तिथे बसायचं. "भूक लागली की आणून देऊ," असं सांगितलं. धाकटी बसली.

मी तिचे धुतलेले कपडे आणायला घरी गेले होते. परत आले तर दीर भिंतीला टेकून उभा आणि धाकटीच्या मांडीवर गुंडाळलेलं बाळ. मला वाटलं, पाजायला दिलंय. मी म्हटलंसुद्धा, "उठली का ठमाबाई?" डॉक्टर येऊन म्हणाले, "अचानक दगावली. आम्ही प्रयत्न केले." आणि घड्याळ बघत पुढच्या वॉर्डात गेले.

घरी मग शहाण्यांची रीघ लागली. सासूबाई म्हणाल्या, "अजून वय आहे, दुसरं होईल." जसं काही दुधाचं पातेलं सांडलं होतं. शेजारची म्हणाली, "देवाला आवडली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "देवाला आवडत असेल तर त्याने तुमच्या घरातलं काही पसंत करावं की. आमच्याच घरात हात घालायला कोणी सांगितलं?" ती उठून गेली ती अजून बोलत नाही. न बोलो. दीर दवाखान्याच्या फाटकापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. म्हणून धाकटीबरोबर मी जायला लागले.

सुरुवातीला तिने विचारलं, काय झालं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एक म्हणाला हृदय, दुसरी म्हणाली फुप्फुस, तिसऱ्याने तर "गुंतागुंत" एवढं बोलून गाडी काढली. दवाखान्याने दिलेल्या कागदावरही तेच गुळमुळीत काहीतरी. तेव्हा तिने प्रश्न बदलला. कारण कळत नसेल तर राहू दे, म्हणाली, मला एकच सांगा. शेवटच्या क्षणी तिला कोणी धरलं होतं? कोणाच्या हातात गेली ती?

"हेच का विचारतेस?" मी तिला रिक्षात विचारलं.

"ताई, ती एकटी होती का, एवढं तरी मला कळायला हवं," ती म्हणाली. "कोणाच्या हातात असेल तर मी त्या बाईला भेटेन. ती घाबरली होती का ते विचारेन. रडली का ते विचारेन."

एवढाच प्रश्न. पण त्यावर जी टोलवाटोलवी झाली ती बघून मला वाटायचं, ह्या इमारतीला एक काडी लावावी. खालची खिडकी म्हणे, वॉर्डात विचारा. वॉर्डातली सिस्टर म्हणे, ऑफिसातून लेखी आणा. ऑफिसातला माणूस म्हणे, साहेब रजेवर. साहेब रजेवरून आले तर मीटिंगमध्ये. सगळे कानावर हात ठेवून बसलेले. आणि आमची ही! प्रत्येक ठिकाणी शहाण्या मुलीसारखी रांगेत उभी. मी पुढे घुसायला लागले की माझा पदर धरायची.

"ताई, रांग आहे."

"रांगेला काय जाळायचंय?" मी ओरडायची. "तुझी पोर गेलीय आणि तू रांग मोडेल म्हणून घाबरतेस?"

"त्यांनाही कामं असतात. मला माहितीये ना खिडकीच्या आत कसं असतं. नीट विचारलं तर कोणीतरी सांगेल."

एकदा खिडकीतल्या कारकुनाने तिला विचारलं, "तक्रार आहे का तुमची?"

"नाही. प्रश्न आहे."

"मग नाही जमणार. तक्रार असेल तर अर्ज घेतो. प्रश्नांसाठी खिडकी नाही."

वर हसला तो. मी खिडकीच्या कट्ट्यावर असा हात आपटला की त्याचा चहा कलंडला. धाकटीने त्याची माफी मागितली आणि स्वतःच्या रुमालाने तो पुसला. त्या दिवशी मी तिच्याशी घरी येईपर्यंत बोलले नाही.

पुढे ती कामावर परत जायला लागली, आणि मधल्या सुट्टीत दवाखान्यात. असे महिने गेले. एका संध्याकाळी आम्ही भाजी निवडत बसलो होतो. तिचे हात एकदम थांबले.

"ताई, आज एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, गाडी का नाही आली? आणि मी वर न बघता म्हटलं, येईल, बसा."

"मग? त्यात काय एवढं?"

"मला माहीतच नव्हतं येणार आहे की नाही. मी विचारलंच नाही कोणाला. त्या बिचाऱ्या बसून राहिल्या. ती गाडी रद्द झाली होती." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी त्या दवाखान्यातल्यांसारखं बोलले, ताई. मला कळलं ते कसं करतात. त्यांना काही लपवायचंसुद्धा नसतं गं. समोरच्याला बसवलं की काम झालं."

दुसऱ्या दिवशी ती रांगेत उभी राहिली नाही. सरळ जिना चढली. मोठ्या डॉक्टरांच्या दारावरच्या शिपायाने हात आडवा केला, तर त्याच्या हाताखालून आत गेली आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. मी मागोमाग जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. माझं आकारमान देवाने ह्याच दिवसासाठी ठेवलं असावं.

मोठे डॉक्टर आधी चिडले, मग गोड झाले. मुख्य सिस्टरला बोलावलं. तिच्याबरोबर फाइल घेऊन एक तरुण नर्स आली. डॉक्टरांनी दोन पानं उलटली आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई, श्वासनलिकेत दूध गेलं. इतक्या लहान बाळांत होतं कधी कधी. कोणाचा दोष नसतो त्यात."

दूध! इतक्या महिन्यांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला आम्ही. हृदय सांगितलं, फुप्फुस सांगितलं, आमच्या तोंडाला पानं पुसली, आणि ह्यांच्या फाइलीत दूध होतं.

धाकटी म्हणाली, "दूध पाजताना तिला कोणी धरलं होतं?"

"आमचा सगळा स्टाफ प्रशिक्षित आहे."

"ते नाही विचारलं मी. कोणाच्या हातात होती?"

डॉक्टरांनी मुख्य सिस्टरकडे पाहिलं. मुख्य सिस्टरने पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात ती तरुण नर्स म्हणाली, "कोणाच्याच नाही."

"तू बाहेर जा," मुख्य सिस्टर म्हणाली.

दारात मी होते. मी हलले नाही, आणि त्या पोरीलाही जायचं नव्हतं. तिने डॉक्टरांच्या खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला, त्याची गुंडाळी केली, टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांची पाण्याची बाटली तिच्यावर तिरपी टेकवली.

"असं," ती म्हणाली. "बाळाला कुशीवर ठेवायचं, बाजूला टॉवेल, त्यावर बाटली, निपल तोंडात. मग पुढच्या बाळाकडे जायचं. बाटली रिकामी झाली की येऊन काढायची. मला आल्या दिवशी हेच शिकवलं. आम्ही सगळ्यांना असंच पाजतो. खोली भरून बाळं असतात आणि मी एकटी असते." ती बोलताना धाकटीकडे बघत होती, दुसऱ्या कोणाकडे नाही. "तुमची मुलगी जोरात प्यायची. मी परत आले तर दूध मानेपर्यंत ओघळलेलं. दिव्यामुळे डोळ्यांवर पट्टी होती. मला वाटलं, झोपली. रंग मला कळलाच नाही. त्या दिव्याखाली सगळीच बाळं निळी दिसतात."

टेबलावर बाटली तशीच टेकलेली होती. डॉक्टरांनी हात पुढे करून ती उभी केली. त्यांना तेवढंच सुचलं.

"तेव्हा मी कुठे होते?" धाकटीने विचारलं.

"बाहेर. बाकावर." नर्स म्हणाली. "तुम्ही दार वाजवलं होतं. म्हणालात, मला पान्हा फुटलाय, ब्लाउज भिजलाय, तिला आणून द्या. मी आतूनच म्हटलं, ती पितेय, बसा."

"हो," धाकटी म्हणाली. "मी बसले."

मला आधी त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खोटं कशाला सांगू? पण ती रडत होती, आणि समोरचे दोघे रडत नव्हते. डॉक्टर फाइलीची दोरी बांधत होते. त्या इमारतीत एकीने खरं सांगितलं आणि नोकरी तिचीच जाणार, हे मला तिथेच उभ्या उभ्या दिसत होतं. खोलीभर बाळांना एक बाई द्यायची, आयांना दाराबाहेर बसवायचं, आणि टॉवेलला आई करायचं, हे ज्याने ठरवलं त्याच्या खुर्चीला मात्र दुसरा टॉवेल येईल. मी हे सगळं मोठ्याने बोलले. ह्याहून वाईटही बोलले. ते इथे लिहीत नाही.

"योग्य ती कारवाई होईल," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जरा बाहेर बसा."

धाकटी उठली. "बसणार नाही," म्हणाली, आणि निघाली.

मला वाटलं, ती आता कोसळेल. मी तिचा दंड धरायला गेले तर ती जिना उतरून त्या बाळांच्या खोलीकडे वळलेली. बाकावर बायका बसल्या होत्या. कोणी भिंतीला डोकं टेकलेलं, कोणी दाराकडे टक लावून. टोकाला बसलेल्या एका मुलीने छातीशी ओढणीचा बोळा घट्ट धरला होता. धाकटी तिच्यासमोर उभी राहिली.

"बाळ आत आहे?"

"हो. पिवळं झालंय म्हणाले."

"दूध येतंय तुला?"

मुलीने लाजून मान हलवली.

"मग इथे काय करतेस?"

"बसा म्हणालेत."

धाकटीने दार ढकललं. ते स्प्रिंगचं दार, सोडलं की आपलं आपण बंद होणारं. तिने त्याला पाठ लावली आणि पाय रोवून उभी राहिली. आतला निळा उजेड बाहेरच्या फरशीवर पडला. मला आत दिसलं. काचेच्या पेट्यांत बाळांची रांग, डोळ्यांवर पट्ट्या, आणि एकेका तोंडाशी टॉवेलवर टेकवलेली बाटली. एक नर्स ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होती.

रखवालदार ओरडत आला, "बाई, आत जायची परवानगी नाही!"

"मी नाही जात आत," धाकटी म्हणाली. मग बाकाकडे वळून म्हणाली, "उठा. आत बाटल्या टेकवून ठेवल्यात, बाळांजवळ कोणी नाही. माझी मुलगी तशीच गेली, मी ह्याच बाकावर बसले होते. आपापलं बाळ उचला."

क्षणभर कोणी उठलं नाही. इतकं कानात बसलेलं असतं ते "बसा". मग ती ओढणीवाली उठली. टाके ओढत होते, तशीच वाकून चालत गेली. तिच्यामागून दुसरी. मग सगळ्याच. रखवालदार मध्ये आला तर मी त्याला बाजूला केलं. कसं केलं ते त्याला विचारा.

आत बायका वाकून वाकून आपलं बाळ शोधत होत्या. एकेक टॉवेल खाली पडत होता. कोणीतरी रडत होतं, कोणीतरी पाजायला बसलंसुद्धा होतं. ती धावणारी नर्स मधोमध उभी राहून बघत होती, पण तिने कोणाला अडवलं नाही.

धाकटी अजून दार धरून उभी होती. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. मी म्हटलं, "अगं, सोड आता. चल, आत तरी बघ."

"आत माझं कोण आहे, ताई?" ती म्हणाली.