नेर ते महागाव: ओटीला न आलेल्या पाच जणी

हे लिहायचं मी तीन आठवडे टाळलं. मधल्या काळात गाडी धुतली, मोबाईलमधले जुने फोटो उडवले, एका मित्राच्या वावरात उगाच तूर पाहून आलो. लिहायला बसलो की डोकं तापायचं. आजही तापलेलंच आहे, पण बसलोय.

माझी मोठी बहीण वंदनाताई महागाव तालुक्यात राहते. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं, बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नाही. जन्मलं तरी काही तासांचं. डॉक्टर म्हणाले, पाडा. ताई आणि भाऊजी महानुभाव पंथाचे, उपदेश घेतलेले, कोंबडंसुद्धा न कापणारे. दोघांनी नाही म्हटलं. सातव्या महिन्यात ताईनं ओटीभरणाचं काढलं आणि आमच्या आईला फोन केला. आई म्हणाली, "जे हाती लागनार नाही, त्याची ओटी कायची भरायची?" आणि फोन ठेवून दिला.

म्हणून मी निघालो. ओटीसाठी नाही, खरं सांगतो. ताईला समजवायला.

नेरहून सातला निघालात तर यवतमाळला नाश्त्याला पोचता. तिथं तर्रीपोहे खा, वरून ओततात ती तर्री दुसऱ्यांदा मागा, कोणी नाही म्हणत नाही. पुढे आर्णीमार्गे रस्ता झकास आहे, फक्त सोयाबीनच्या ट्रॅक्टरांना जपा. दुचाकीला तीनशेचं पेट्रोल जाताना पुरलं. आर्णीला अरुणावतीच्या पुलावर दोघं जण जाळं सोडवत होते, ते बघत तासभर उभा राहिलो. एक मासा निघाला नाही. उशीर होत होता, होऊ दिला.

पोचलो तर ताई ओसरीवर गहू निवडत होती. मी बूट काढायच्या आधीच सुरू झालो.

"ताई, कायले एवढा तरास करून घेऊन राह्यली?"

"पोहे खाऊन आला ना? मिशीले तर्री लागून आहे तुह्या."

"मी काय इचारून राह्यलो?"

"दिवसभर लाथा मारते ते," ती म्हणाली. "जितं आहे ना? मंग जित्या लेकराचं जे करतात, ते मले करायचं आहे."

भाऊजी मधे पडले. "पंथात ओटीचं काही लागत नाही, बापू. पन हिले पाहिजे. अन् लेकरू देवानं देलं, देवच नेईन. आपन काहून मधात पडावं?"

मी भडकलोच. "भोगायचं तिनं, अन् देव तुमचा?"

"देव माहाबी आहे," ताई म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं, भाऊजींकडे बोट केलं. "डॉक्टरनं यायलेच इचारलं, तू बी यायच्यावरच ओरडून राह्यला. पोट माहं आहे, बाप्पा. मले कोनी इचारलंच नाही."

मी तेव्हा कुठे बूट काढले. समजवायचं म्हणून आणलेलं सगळं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराची वेळ दिली होती. पाच सवाष्णींना सांगून आली होती ती स्वतः, सात महिन्यांचं पोट घेऊन, घरोघर. पाच पाट मांडले. पुरणपोळ्या झाल्या. बारा वाजले. एकीकडे कापूस वेचायला बाया आल्या म्हणे. दुसरीची पाळी. दोघींनी निरोपही पाठवला नाही. पाचवी, शेजारची काकू, कुंपणापर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, "आमची सून बी पोटुशी आहे ना वं. सावली नको पडायले."

"सावली?" मी ओरडलो. "अन् तिच्या हातच्या पोळ्या वर्षभर खाल्ल्या, तवा कोनती सावली पडली, काकू?"

"बस खाली," ताई म्हणाली.

एक वाजता भाऊजी उठले, हात धुतले, नारळ उचलला. "मी भरतो."

नवऱ्यानं ओटी भरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनीही नसावी. नारळ आधीच पदरात ठेवला, मग गव्हाची ओंजळ घेऊन अशी फेकली की अर्धे दाणे ओसरीभर.

"अवो, आधी हळद-कुकू!" ताई हसायलाच लागली. "पेरनी करून राह्यले का?"

हसता हसता तिचे डोळे भरले. भाऊजींनी दाणे एकेक वेचून पुन्हा पदरात टाकले. मी एका रिकाम्या पाटावर बसलो आणि रागारागानं सहा पोळ्या खाल्ल्या. फोटो काढले नाहीत. विचारू नका.

घरी आलो आणि दारातूनच आईवर ओरडलो, सगळं सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. तेव्हापासून आमचं बोलणं भाकर वाढू का, एवढंच. ताईच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. तिचा देव मला अजून पटलेला नाही. पण त्या पाच जणींचा राग गेला नाही, आणि सहावी तर याच घरात राहते. आणि मीही ताईची बाजू घ्यायची सोडून तिलाच शिकवायला निघालो होतो, म्हणजे सातवा मी.

एवढं लिहीपर्यंत दुपार झाली. आई सकाळीच पिशवी घेऊन मावशीकडे जाते म्हणून गेलीय.

आत्ता भाऊजींचा फोन आला. हळू आवाजात बोलत होते. "बापू, आई आल्या. एकल्याच, एसटीनं. ओसरीवर बसल्या आहेत. पानी देलं. अजून काही बोलल्या नाही."