परिशिष्टातली आवडाबाई

मोतीरामला काळजी करायला कारण लागत नाही. कुलूप लावून तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येऊन कुलूप ओढून बघतो. पुंडलिकनगरात माझ्या घरासमोरच त्याची टायपिंगची खोली आहे. गेली सव्वीस वर्षं तो पीएच.डी.चे प्रबंध टाइप करतोय. माझाही त्यानंच केला होता आणि खरं सांगायचं तर माझ्या शेवटच्या प्रकरणातली निम्मी वाक्यं त्यानंच सरळ केली होती. मी प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो. तो अजून तिथंच आहे, आखडलेल्या मानेनं आणि दरवर्षी वाढणाऱ्या चष्म्याच्या नंबरानं.

या कामाची एक रीत आहे. टायपिस्टनं नुसतं टाइप करायचं नसतं, भाषा ‘शुद्ध करून’ द्यायची असते. विद्यार्थी वही ठेवतो आणि म्हणतो, काका, तेवढं शुद्ध करून घ्या. त्यात कुणालाच गैर वाटत नाही, गाईडला तर नाहीच नाही, त्याचं काम वाचतं. मात्र शेवटी मोतीराम ताळा घ्यायचा. विद्यार्थ्याला शेजारी बसवून वहीतून मोठ्यानं वाचायला लावायचा आणि आपण पडद्यावर ओळ न् ओळ बघायचा. पोरं वैतागायची, पण उठू द्यायचा नाही.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं त्याला मोबाईलवरचा चॅटबॉट दाखवला. मजकूर टाकला की शुद्ध होऊन बाहेर. मोतीराम आधी घाबरला, मग सरावला. ऱ्हस्व-दीर्घ एकदम चोख, मानेला आराम, डोळ्यांना आराम. सव्वीस वर्षं आपण करत होतो तेच तर हे करतंय, असं त्यानं मला समजावलं आणि मीही मान डोलावली.

शेंद्र्याची प्रेरणा त्याच्याकडं आली ती याच सुमारास. तिच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिथल्याच कंपन्यांमधून ठेकेदारामार्फत राबणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध होता. अडतीस बायकांच्या मुलाखती तिनं रेकॉर्ड करून, त्यांच्याच बोलीत वह्यांमध्ये उतरवल्या होत्या. तिनं बजावलं होतं की प्रकरणांचं शुद्धलेखन बघा, पण परिशिष्टातल्या मुलाखतींना हात लावू नका.

मोतीरामनं हात लावला. टाइप करताना त्याला ती बोली पानावर गबाळी दिसली. बाहेरगावचे परीक्षक हसतील, पोरीचं नुकसान होईल, अशी काळजी त्याला लागली. अडतीसच्या अडतीस मुलाखती त्यानं चॅटबॉटला दिल्या आणि ‘प्रमाण मराठीत करून दे’ म्हणून सांगितलं. मुदत तोंडावर आलेली, प्रेरणाची शाळेतली तासिकेवरची नोकरी सुटेना, म्हणून ताळाही राहिला. पाच प्रती बांधून विद्यापीठात गेल्या. सोबत प्रेरणाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र होतं. हे काम माझं आहे आणि ते लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेची कसलीही मदत घेतलेली नाही, असं त्यात छापलं होतं. टाइप मोतीरामनंच केलं होतं ते.

चार दिवसांनी वह्या परत द्यायला काढल्या, तेव्हा त्यानं सवयीनं एक उघडली आणि छापील पान शेजारी धरलं. वहीतल्या मुलाखतीत आवडाबाई नावाची बाई म्हणत होती, “तीन वर्षं झाली, हजेरीवर माझं नाव नाय. दुसऱ्याच बाईच्या नावावर काम करते. पगार तिच्या खात्यात येतो, मग ती देते. तू तरी पोरी माझं खरं नाव लिही.” छापील पानावर आवडाबाईच्या खऱ्या नावाखाली लिहिलं होतं: ‘सुरुवातीला काही अडचणी आल्या, परंतु या कामामुळे मला आत्मविश्वास आणि समाजात स्वतःची ओळख मिळाली.’

मोतीराम वही आणि ते पान घेऊन माझ्याकडं आला. आणखी पाच-सहा मुलाखतींचंही असंच झालं होतं. त्याला दोनच गोष्टी दिसत होत्या: सांगितलं तर पोरीची पदवी जाईल, नाही सांगितलं तर तिनं नकळत सही केलेल्या खोट्या प्रतिज्ञापत्रावर पदवी मिळेल.

मी काय सांगितलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, परिशिष्ट कोण वाचतं? मी स्वतः पंधरा-वीस प्रबंध तपासले, एकाचंही परिशिष्ट उघडलं नव्हतं. गप्प राहा, पोरीचं भलं होऊ दे. तो हो म्हणून गेला, पण आठवडाभर नीट जेवला नाही. खोलीपुढं गाडी थांबली की तो दचकून उठायचा. त्याची बायको मला विचारून गेली, की यांना डॉक्टरकडं न्यायचं का.

शेवटी त्यानंच प्रेरणाला फोन केला आणि मलाही खोलीवर बोलावलं. ती आली, उभ्या उभ्याच दोन्ही पानं वाचली आणि स्टुलावर बसली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. कॉलेजमधली जागा निघणार होती, वर्षअखेरपर्यंत पदवी हातात असली तरच अर्ज करता येणार होता, हे तिनं हळू आवाजात सांगितलं. वडील गावभर सांगून बसलेत, म्हणाली. गाईडला तिनं तिथूनच फोन लावला. गाईड म्हणाले, छान झालंय की, राहू दे तसंच. मीही तेच म्हणालो होतो, म्हणून मला खाली बघावं लागलं.

प्रेरणानं वही आणि छापील पान पिशवीत घातलं. मग म्हणाली, “काका, चला शेंद्र्याला. आवडाबाईंना विचारू.” तिघंही गेलो. आवडाबाई कंपनीतली पाळी संपवून आली होती, पाय पसरून ओट्यावर बसली. प्रेरणानं तिला छापलेलं पान सावकाश वाचून दाखवलं. आवडाबाईनं शेवटपर्यंत नीट ऐकलं.

“लई ग्वाड बोलती,” ती म्हणाली. “कोण हाय ही बाई?”

मोतीराम म्हणाला, “तुम्हीच, ताई.”

“मी नाय,” आवडाबाई म्हणाली. “तिकडं मी दुसरीच्या नावावर राबते. आता इथं माझ्या नावावर दुसरीच बोलाया लागली व्हय?”

दुसऱ्या दिवशी प्रेरणानं प्रबंध परत मागणारा अर्ज दिला. विद्यापीठानं चौकशी लावली. पदवीचं काय होणार ते अजून कुणालाच ठाऊक नाही. जागेचा अर्ज तर हुकल्यातच जमा.

चौकशीपुढं द्यायचा खुलासा मोतीरामनं हातानं लिहिला. यापुढं त्याच्याकडं एकही प्रबंध येणार नाही, हे त्यालाही कळत होतं. कागद घेऊन तो माझ्याकडं आला. जन्मभर दुसऱ्यांचं शुद्ध करणाऱ्या माणसाच्या पहिल्याच ओळीत तीन चुका होत्या आणि पुढं, ‘मी सांगीतलं नाही, पोरीला माहीत न्हवतं, मला परीक्षकाची भीती वाटली, तिच्या बायांची नाही वाटली,’ असं लिहिलं होतं. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं गेला. मोतीरामनं कागदावर तळवा ठेवला.

“सर, नुसतं वाचा,” तो म्हणाला. “दुरुस्त काही करू नका.”