दोन चमचे पाणी

खिडकी उघडी ठेवून बसली असेल ना ती? संध्याकाळी फोन ठेवल्यापासून हा एकच विचार डोक्यात घोळतो आहे. बारा वाजत आले, हे केव्हाच घोरायला लागले, आणि मी जेवणाच्या टेबलावर लिहीत बसले आहे.

आमची मुलगी कागदाच्या प्रतिकृती करते. इमारती, पूल, बोटी. जाड कागद कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा. घरात तिला सगळे कात्रीच म्हणतात. पाच वर्षांची असताना माझ्या गोळ्यांचं खोकं फाडून तिने दारं उघडणारं कपाट केलं होतं. गोळ्यांची पाकिटं मात्र नीट वाटीत काढून ठेवली होती, म्हणून मार वाचला. "नाव शोभतंय," माझी बहीण म्हणते, "हात चालतो तशीच जीभही चालते."

पदवी घेतल्यावर तिला नोकरी मिळाली ती पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात. तिचं लक्ष होतं ते संग्रहालयांसाठी प्रतिकृती करणाऱ्या कार्यशाळेवर. तिथे मुलाखत नसते. स्वतः केलेली एक प्रतिकृती घेऊन जायची, तिथले दोन सर ती हातात घेऊन उलटीपालटी करतात, आणि मग काय ते सांगतात. तिने आमच्या जुन्या पोस्ट ऑफिसची इमारत निवडली, घुमटासकट. बारा पाकळ्या एकमेकींना जोडून घुमट करायचा होता.

"कापणं कुणालाही जमेल गं," ती म्हणायची, "खरी परीक्षा डिंकाची."

महिनाभर ती डिंकच तपासत होती. घुमटाच्याच कागदाच्या पट्ट्या कापायच्या, जोडायच्या, वहीत लावायच्या, खाली शेरा लिहायचा. कांडीतला डिंक: "पंधरा दिवसांत सुटला." झटपट चिकटणारा: "कागदात मुरतो, डाग पडतो. बोटंही चिकटली." ट्यूबमधला, उग्र वासाचा: "कागद वाकत नाही, पण डिंकाची तार सुटते. चुकलं तर हलवता येत नाही." आणि साधा पांढरा: "जास्त झाला तर कागद फुगतो. काडीने अगदी थोडा घ्यायचा, बोटाने पुसून घ्यायचा, वीस आकडे मोजेपर्यंत दाबायचं. हाच."

त्या 'हाच'खाली तिने दोनदा रेघ ओढली होती.

कार्यशाळेत जायच्या आदल्या रात्री तिने घुमट चिकटवला. पाकळ्या लाटांसारख्या वर-खाली झाल्या. ती त्या दाबत राहिली, पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी सरांनी इमारत उचलली आणि टेबलावरच तीन पाकळ्या आपोआप सुटल्या. "कापलंय छान," ते म्हणाले, "पण साहित्याची पारख अजून यायची आहे. पुन्हा या कधीतरी."

घरी येऊन ती रडली नाही, तेच मला सहन झालं नाही. नुसती म्हणाली, "महिनाभर तपासूनही चुकीचाच निवडला." त्या दिवसापासून पांढरा डिंक बंद. दुकानात दिवसभर डबाभर पांढऱ्या डिंकाने लोकांची पुस्तकं बांधते, खोलीवर येऊन स्वतःच्या कामाला मात्र ती उग्र ट्यूब घेते. दुकान दुसऱ्या गावी गेलं, म्हणून तीही तिकडेच राहते. परवा ती पुन्हा कार्यशाळेत जाणार आहे. दोन वर्षांनी.

आज संध्याकाळी मी विचारलं, "खोकतेस का?"

"घसा बसलाय गं."

"त्या ट्यूबचा वास असेल. पांढरा का नाही वापरत?"

"आई, त्याचं नाव काढू नकोस. एकदा तोंडघशी पाडलंय त्याने."

"अगं, पण वहीत तूच लिहिलं होतंस..."

"वहीत तुकडे होते. खऱ्या कामात माझी पारख चुकली, संपलं. आता ऐक, तीन घुमट वाया गेलेत. ही ट्यूब टेकवली की धरते, हलूच देत नाही. पाकळ्यांचा शेवटचा संच उरलाय. उद्या सकाळी ताज्या हाताने बसवते."

फोन ठेवला तसं ह्यांनी पेपरामागून विचारलं, "तिला अजून सांगितलं नाहीस?"

"काय?"

"मला काय विचारतेस? या घरातली कुठली बाटली तुझ्या तावडीतून कोरडी सुटलीये? शाम्पूत पाणी, भांड्यांच्या साबणात पाणी, सॉसमध्ये पाणी..."

"सॉस तळाशी चिकटून राहतो म्हणून."

"आणि डिंक?"

मी भांडी आवरायला उठले.

खरं आहे ते. तिने घुमट चिकटवला त्या दिवशी दुपारी मी तिचं टेबल पुसत होते. डिंकाची बाटली हातात घेतली, तर तो घट्ट झालेला. पोरीला रात्री त्रास नको, म्हणून झाकण काढून दोन चमचे पाणी घातलं, खळखळून हलवलं आणि होती तिथे ठेवली. मदत केली मी! घुमट सुटल्याचं तिने सांगितलं, तेव्हाच मला ते दोन चमचे आठवले होते. आज नको, उद्या सांगू, असं म्हणत राहिले. मग तिने दुसरी ट्यूब आणली, आणि मला वाटलं, मिटलं. मिटलं कुठे? माझ्या दोन चमच्यांपायी ती दोन वर्षं स्वतःच्या नजरेला खोटं ठरवते आहे.

मघाशी कपाटातून तिची ती वही काढली. ट्यूबने जोडलेली पट्टी पिवळी पडली आहे, कडेला तार तशीच. पांढऱ्याची पट्टी पांढरीशुभ्र, सपाट. चिमटीत धरून ओढली, सुटेना. आणखी जोर लावला, तर शेजारून कागद फाटला. सांधा जिथल्या तिथे.

तिचं काहीच चुकलं नव्हतं.

चिडेल. चिडू दे. "आई, तू ना!" म्हणून फोन आपटेल, दोन दिवस बोलणार नाही. पण दुकानाची किल्ली तिच्याकडे असते आणि तिथे डब्यात पांढरा डिंक आहे, घट्ट, कुणी हात न लावलेला. शेवटचा संच अजून सुटा आहे. सकाळी ती उठून लगेच कामाला बसते, तेव्हा सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. एक वाजेपर्यंत जागी असते, मला ठाऊक आहे.

वही समोर उघडी ठेवली आहे, फाटलेली पट्टी वर. 'कशी आहेस'ने सुरुवात केली तर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन. पहिलं वाक्य ठरलंय: "कात्री, सकाळी ट्यूब उघडू नकोस, आधी माझं ऐक."

लावते फोन.